युक्तिवादाचे शिक्षण विषयाच्या वर्गातच हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्यावसायिक अभ्यासक्रमांत ‘संवादकौशल्य’ नावाचा विषय असावा का, असला तर किती गुणांचा, यावर अधूनमधून चर्चा झडते. बाजूने बोलणारे म्हणतात, मुलाखतीत उपयोग होतो. विरोधक म्हणतात, ज्ञान पक्के असेल तर बोलणे आपोआप येते. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की विचार आधी पुरा होतो आणि मग तो शब्दांत गुंडाळून समोर ठेवायचा असतो. हे गृहीतच चुकीचे आहे. त्यापायी डॉक्टर, अभियंते, हिशेबतपासनीस, शिक्षक यांच्या शिक्षणात एक मोठी पोकळी राहून जाते. हे पत्र त्या पोकळीबद्दल आहे.

पाश्चात्त्य परंपरेत ज्याला रेटरिक म्हणतात, त्याला आपण वक्तृत्वशास्त्र म्हणतो. हा शब्द उच्चारला की व्यासपीठ, माइक आणि हातवारे डोळ्यांपुढे येतात. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने इ. स. पू. चौथ्या शतकात केलेली व्याख्या मात्र वेगळी आहे. कोणत्याही प्रसंगी पटवून देण्याची कोणती साधने उपलब्ध आहेत, हे पाहण्याची क्षमता म्हणजे रेटरिक. यातला ‘पाहण्याची’ हा शब्द महत्त्वाचा. प्रत्येक रोगी बरा होईलच असे वैद्यकशास्त्र म्हणत नाही, शक्य तेवढे बरे करण्याचा मार्ग ते शोधते. रेटरिकचेही तसेच, असे तो स्वतःच सांगतो. पुढे रोमन परंपरेत, सिसेरो या वक्त्याच्या काळापर्यंत, या शास्त्राची पाच अंगे ठरली: मुद्द्यांचा शोध, मांडणी, भाषा, स्मरण आणि सादरीकरण. पहिली दोन अंगे उघडच विचाराची आहेत. सोळाव्या शतकात पेत्रुस रामुस या फ्रेंच विद्वानाने ती काढून तर्कशास्त्राला देऊन टाकली आणि रेटरिककडे फक्त भाषा व सादरीकरण उरले. रेटरिक म्हणजे पोकळ शब्द, हा आजचा समज घट्ट होण्यात या फाळणीचा मोठा वाटा आहे. ‘संवादकौशल्य’ हा तासही त्याच फाळणीचा वारस आहे. पाचांपैकी शेवटची अंगे तिथे शिकवतात आणि पहिली दोन कुठेच शिकवत नाहीत.

आपल्याकडच्या शास्त्रांनी ही फाळणी केली नव्हती. न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, पटवून देण्याची पाच अंगे आहेत, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. चर्चेचे तीन प्रकारही तिथे वेगळे केले आहेत. सत्य ठरवण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडायची ती वितंडा. ‘वितंडवाद’ हा शब्द आपल्या बोलण्यात टिकला, त्यामागचा भेद मात्र विसरला गेला. त्याहून बोलके उदाहरण चरकसंहितेचे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात, म्हणजे चक्क वैद्यकाच्या ग्रंथात, वैद्यांनी एकमेकांशी चर्चा कशी करावी याचे सविस्तर प्रकरण आहे. मैत्रीने होणारी संधायसंभाषा, चढाओढीने होणारी विगृह्यसंभाषा, वादात लागणारी ४४ पदे, सभा जाणत्यांची आहे की अजाणांची, अनुकूल आहे, तटस्थ आहे की विरोधी, हे सगळे तिथे आहे. वैद्याला औषध जसे माहीत हवे, तसा सहकाऱ्यापुढे निदानाचा बचाव करता यायला हवा आणि बचाव होत नसेल तर निदान सोडताही यायला हवे, एवढे त्या ग्रंथकाराला स्पष्ट दिसत होते.

आता प्रश्न असा, की व्यवसायात नुसते तर्कशास्त्र का पुरत नाही? कारण तिथले बहुतेक निर्णय ‘सर्व माणसे मर्त्य आहेत’ या छापाचे नसतात. माहिती अपुरी असते, वेळ मोजका असतो, निर्णयाला इतरांची संमती लागते आणि चुकीची किंमत तिसराच कोणीतरी भरतो. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८मध्ये अशा व्यवहारी युक्तिवादाची सहा अंगे वेगळी करून दाखवली. मराठीत त्यांना दावा, पुरावा, दुवा, दुव्याचा आधार, खात्रीचे प्रमाण आणि अपवाद म्हणता येईल. यांतला दुवा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त वेळा न बोललेला असतो. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, ज्याला व्याप्ती म्हणतात, ‘जिथे धूर तिथे अग्नी’, तिचे आणि या दुव्याचे काम एकच.

बांधकामावरचे रोजचे उदाहरण घेऊ. साइटवरचा अभियंता म्हणतो, “स्लॅबचे सेंटरिंग काढायला हरकत नाही.” सेंटरिंग म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता आधार. हा दावा. पुरावा काय? “तीन क्यूबची सरासरी २५ मेगापास्कल आली.” वाक्य इथे संपते आणि ऐकणारे मान डोलावतात. पण क्यूब, म्हणजे चाचणीचा काँक्रीटचा ठोकळा, १५० मिलिमीटरचा, साच्यात नीट ठोकून भरलेला आणि प्रयोगशाळेच्या पाण्यात बुडवून ठेवलेला असतो. स्लॅब उघड्यावर असतो. क्यूबच्या ताकदीवरून स्लॅबच्या ताकदीकडे जाताना त्याने एक दुवा मनातल्या मनात ओलांडला: ‘क्यूब आणि स्लॅब यांचे काँक्रीट सारखेच झाले आहे.’ या दुव्याचा आधार म्हणजे दोन्हींचा माल एकाच घाणीचा होता याची नोंद. अपवाद कोणते? नमुना घेतल्यानंतर मिश्रणात पाणी वाढवले असेल, व्हायब्रेटर कोपऱ्यांत पोहोचला नसेल आणि हनीकोंबिंग झाले असेल, म्हणजे आत पोकळ्या राहिल्या असतील, क्युअरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्याचे, पाणी दोनच दिवस मारले असेल, थंडीमुळे काँक्रीट हळू घट्ट झाले असेल. हे सगळे त्या अभियंत्याला ठाऊक असते, परीक्षेत त्याने ते लिहिलेलेही असते. तरीही निर्णयाच्या वाक्यात ते येत नाही, कारण दावा मांडताना दुवा बोलून दाखवायचा असतो हे त्याला कोणी शिकवलेले नसते. दुवा बोलला असता तर समोरच्या पर्यवेक्षकाने लगेच विचारले असते, “क्युअरिंग किती दिवस झाले?” बिघाड तिथेच सापडला असता. म्हणून मी म्हणतो, की मांडणी हे विचार तपासण्याचे साधन आहे. मांडणीत जे अंग गाळले जाते, ते बहुधा तपासायचेही राहून जाते.

न बोललेला दुवा न्यायालयातही किती घात करतो, ते ब्रिटनमधल्या सॅली क्लार्क खटल्यात दिसले. तिची दोन तान्ही बाळे एकापाठोपाठ दगावली. १९९९मध्ये खटला चालला तेव्हा वैद्यकीय तज्ज्ञाने सांगितले की अशा कुटुंबात एका बाळाच्या अचानक मृत्यूची शक्यता ८,५४३मध्ये १, म्हणून दोघांची सुमारे ७ कोटी ३० लाखांत १. गुणाकार बरोबर आहे. पण तो करता येतो तो दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच, आणि सख्ख्या भावंडांत तसे मानायला काहीच आधार नव्हता. घर एक, आईबाप एक. शिवाय ‘निरपराध घरात असे घडण्याची शक्यता’ आणि ‘असे घडले असता आई निरपराध असण्याची शक्यता’ या दोन वेगळ्या संख्या आहेत. ऐकणाऱ्याच्या मनात त्यांची अदलाबदल झाली की दोषसिद्धी आपोआप झाल्यासारखी वाटते. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१मध्ये या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला. २००३मध्ये शिक्षा रद्द झाली. त्याचे मुख्य कारण उघड न केलेला वैद्यकीय अहवाल होते, पण आकड्याचा तो युक्तिवादही त्या वेळी टिकला नाही. तज्ज्ञ, वकील, न्यायाधीश, सगळे शिकलेले होते. ‘हा गुणाकार कशाच्या बळावर?’ हा एक प्रश्न वेळेवर आणि ठामपणे विचारला गेला नाही.

मांडणीतल्या क्रमाचेही असेच आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजशासनाच्या लेखनाचे सहा गुण सांगितले आहेत: अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व. अर्थक्रमाची अट अशी, की मुख्य गोष्ट आधी यावी. जानेवारी २००३मध्ये कोलंबिया अवकाशयानाच्या डाव्या पंखावर उड्डाणावेळी फोमचा तुकडा आदळला होता. यान अजून कक्षेत फिरत असताना अभियंत्यांनी नासाच्या व्यवस्थापकांना एक स्लाइड दाखवली. तिच्या शीर्षकाचा सूर धीर देणारा होता: चाचण्यांची माहिती पाहता यानाच्या उष्णतारोधक फरशा भेदल्या जाण्याचा अंदाज सावधपणे, जास्तीचा धरलेला आहे. तळाशी, उपमुद्द्याच्या उपमुद्द्यात बारीक अक्षरांत लिहिले होते की प्रत्यक्ष तुकड्याचे आकारमान १,९२० घन इंच धरले आहे आणि चाचणीतल्या तुकड्याचे ३ घन इंच होते. म्हणजे चाचण्या ६४० पटींनी लहान तुकड्यावर झाल्या होत्या आणि त्यांवरून काही सांगणेच अवघड होते. खरा निष्कर्ष हा होता आणि तो शीर्षकात असायला हवा होता. त्या स्लाइडमध्ये ‘लक्षणीय’ हा एकच शब्द पाच वेळा, दर वेळी वेगळ्या अर्थच्छटेने आला. १ फेब्रुवारीला यान परतताना फुटले, सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडची स्वतंत्र दखल घेतली: ती वाचून वरिष्ठ व्यवस्थापकाला प्रकरण जिवावरचे आहे हे कळले नाही, तर नवल नाही.

त्याआधी १९८६च्या चॅलेंजर अवकाशयानाच्या दुर्घटनेत आणखी दोन गोष्टी घडल्या आणि त्या प्रत्येक व्यावसायिकाने शिकाव्यात अशा आहेत. २७ जानेवारीच्या संध्याकाळी बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितले की ५३ अंश फॅरेनहाइटखाली उड्डाण करू नये, कारण थंडीत बूस्टरचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, ओ-रिंग, कडक होतात. त्यांनी आपल्या १३ तक्त्यांत ज्या उड्डाणांत ओ-रिंगला इजा झाली होती तेवढीच मांडली. त्यांतली एक इजा ५३ अंशांना आणि एक ७५ अंशांना झालेली, तेव्हा समोरचे म्हणाले, तापमानाशी संबंध दिसत नाही. इजा न झालेली उड्डाणे जोडली की चित्र पालटते. चौकशी आयोगाने नंतर ती जोडून दाखवली. ६६ अंश किंवा त्याहून उबदार हवेतल्या २० उड्डाणांपैकी ३ वेळा इजा. ६३ अंश किंवा त्याखालच्या चारपैकी चारही वेळा. माहिती तीच, फक्त ‘न घडलेले’ही मोजायचे होते. नैयायिकांच्या भाषेत अन्वय मांडला, व्यतिरेक राहिला. जिथे कारण नव्हते तिथे कार्यही नव्हते, हे दाखवल्याशिवाय व्याप्ती पुरी होत नाही.

दुसरी गोष्ट सिद्धतेच्या भाराची. एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करावे लागे. त्या रात्री अभियंत्यांना उलटे सांगितले गेले, की ते असुरक्षित आहे हे सिद्ध करा. भार कोणाच्या खांद्यावर आहे यावरच निकाल ठरतो, कारण अपुऱ्या माहितीत दोन्ही बाजू सिद्ध होत नाहीत. कोणत्याही बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत विचारायचा प्रश्न हा: काहीच सिद्ध झाले नाही, तर आपण काय करणार आहोत? त्याचे उत्तर आधी ठरवून इतिवृत्तात लिहिले नाही, तर ज्याचा आवाज मोठा तो भार दुसऱ्यावर ढकलतो.

वरिष्ठापुढे बोलायचे कसे, हाही याच शास्त्राचा भाग, आणि इथे नुसता धीटपणा उपयोगी पडत नाही. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनहून निघालेल्या एअर फ्लोरिडाच्या विमानात इंजिनांची बर्फरोधक यंत्रणा बंद राहिली होती. बर्फाने दाबमापकाचे छिद्र बुजले, इंजिनाचा जोर सांगणारा काटा २.०४ दाखवत होता आणि प्रत्यक्ष जोर १.७०च्या आसपास होता. सहवैमानिकाला धावपट्टीवरच शंका आली. तो म्हणाला, हे बरोबर वाटत नाही, नाही का? कॅप्टनने बरोबर आहे म्हटले. तो पुन्हा म्हणाला, नाही, मला नाही वाटत, आणि लगेच पुढे जोडले, कदाचित असेलही. विमान नदीत कोसळून ७८ जण मेले. त्याला दोष दिसला होता. त्याच्या वाक्यात तो दोष आला, पण मागणी आली नाही. विमान वाहतुकीत नंतर कर्मचाऱ्यांना पाच पायऱ्या शिकवल्या जाऊ लागल्या: नावाने किंवा हुद्द्याने हाक मारा, चिंता सांगा, अडचण नेमकी सांगा, उपाय सुचवा, संमती विचारा. “कॅप्टन, मला काळजी वाटते. वेग अपेक्षेपेक्षा हळू वाढतोय आणि मापक जास्त दाखवतोय. उड्डाण थांबवू या. चालेल?” सात-आठ सेकंदांत होते.

रुग्णालयांत हेच काम अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून आलेली चार भागांची पद्धत करते. परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, शिफारस. परिचारिका रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करते तेव्हा “पेशंट बरा वाटत नाही” याने काही होत नाही. “डॉक्टर, सात नंबरच्या पेशंटचा रक्तदाब ९२-५८ झालाय, नाडी १२४. सहा तासांपूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा दाब १२०-८० होता, ड्रेनमध्ये तासाभरात २५० मिलिलिटर रक्त आलंय. मला आत रक्तस्राव वाटतो. तुम्ही लगेच या, तोवर रक्त मागवून ठेवू का?” शिकवताना तिसरा आणि चौथा भाग हमखास गळतात. अंदाज सांगणे म्हणजे पायरी सोडणे, असे कनिष्ठांना वाटते. मग डॉक्टरांना आकडे मिळतात, दावा मिळत नाही, आणि झोपेतल्या माणसाकडून दावा बांधण्याची अपेक्षा केली जाते. म्हणून प्रशिक्षणात आधी शिफारस लिहायला लावावी आणि मग मागे जात परिस्थिती. बोलताना क्रम सरळ ठेवावा.

आकडे सांगण्याबाबत थोडे. १९८२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया की किरणोपचार, असा काल्पनिक पर्याय लोकांपुढे ठेवला होता. काहींना सांगितले, शस्त्रक्रियेनंतर १००पैकी ९० वाचतात. काहींना, १० दगावतात. किरणोपचार निवडणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या मांडणीत १८ टक्के, दुसरीत ४४ टक्के. उत्तरे देणाऱ्यांत डॉक्टरही होते आणि तेही या परिणामातून सुटले नाहीत. तटस्थ मांडणी असा काही प्रकार नसतोच. संमती घेताना दोन्ही बाजूंनी सांगणे एवढेच आपल्या हाती असते. दुसरा धडा १९९५चा. ब्रिटनमध्ये जाहीर झाले की काही नव्या संततिनियमनाच्या गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे ७,०००मध्ये १ वरून ७,०००मध्ये २. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० जादा गर्भपात झाले. ‘दुप्पट’ खोटे नव्हते. मूळ संख्या न सांगता ते सांगणे हा व्यावसायिक दोष होता.

याच कारणाने चाचणीचे निकाल टक्क्यांऐवजी माणसांत सांगायला शिकवावे. समजा, रोगाचे प्रमाण १ टक्का, चाचणी ९० टक्के रोगी पकडते आणि ९ टक्के निरोगींनाही चुकून रोगी ठरवते. असे ऐकून अनेकजण सकारात्मक निकालाचा अर्थ ‘रोग असण्याची शक्यता ९० टक्के’ असा लावतात. १,००० माणसे डोळ्यांपुढे आणा. १० रोगी, त्यांतले ९ सापडले. ९९० निरोगी, त्यांतले ८९ नाहक सापडले. एकूण ९८ सकारात्मक, त्यांत खरे रोगी ९. म्हणजे अकरातला एक. गणित तेच राहिले, मांडणीने ते डॉक्टरलाही समजले आणि रुग्णालाही.

वाद रेंगाळतात तेव्हा वेगळे औजार लागते. इ. स. पू. दुसऱ्या शतकात हर्मागोरास या ग्रीक वक्तृत्वशिक्षकाने वादाचे चार थांबे सांगितले: घडले का, जे घडले त्याला काय म्हणायचे, ते कितपत गंभीर, आणि ठरवायचा अधिकार कोणाचा. लेखापरीक्षणात गोदामातला साठा वहीपेक्षा कमी भरला, की एकजण म्हणतो कमी नाहीच, वाटेतला माल मोजला नाही. दुसरा म्हणतो ही नोंदीची चूक, चोरी नव्हे. तिसरा म्हणतो एवढ्या उलाढालीत ही रक्कम किरकोळ. चौथा म्हणतो हे संचालक मंडळापुढे न्या. चौघेही चार वेगळ्या थांब्यांवर उभे आहेत, म्हणून कोणाचे उत्तर कोणाला लागू पडत नाही. अध्यक्षाने फळ्यावर चार प्रश्न लिहावे आणि पहिला मिटल्याशिवाय दुसऱ्यावर जाऊ देऊ नये. पहिला थांबा बहुतेक वेळा मोजणीच्या तारखेवर मिटतो.

या सगळ्यावर एक जुना आणि रास्त आक्षेप आहे. प्लेटोने रेटरिकची तुलना पाककलेशी केली: वैद्य हितकर ते देतो, आचारी रुचेल ते. पटवण्याचे शास्त्र शिकलेला माणूस फसवायलाही शिकतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण न शिकवल्याने फसवणारे थांबत नाहीत, फक्त ऐकणारे निःशस्त्र राहतात. वर्गात वापरता येईल अशी एक कसोटी आहे. जे आपल्याला माहीत आहे ते सगळे समोरच्याला कळले, तर आपला युक्तिवाद त्याला तितकाच पटेल का? उत्तर नाही असेल तर आपण वाद सोडून जल्पात शिरलो आहोत. ॲरिस्टॉटलने पटवण्याची जी तीन साधने सांगितली, वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्याची भावना आणि युक्तिवाद, त्यांत विश्वासार्हता पदवीच्या पाटीने मिळते असे आपण धरून चालतो. व्यवहारात ती मर्यादा सांगण्याने मिळते. “या चाचणीत हा दोष सुटू शकतो” असे आधी सांगणाऱ्या अभियंत्याचे पुढचे वाक्य लोक अधिक लक्षपूर्वक ऐकतात. आणि भावना वगळावी असेही नाही. धोक्याची भीती वाजवी असेल तिथे ती निर्माण न करणे हीच चूक ठरते, कोलंबियाच्या स्लाइडसारखी.

आता शिकवायचे कसे. वेगळा विषय, वेगळा शिक्षक, वेगळे पुस्तक, हा मार्ग मला फसलेला वाटतो. भाषेच्या शिक्षकाला काँक्रीटचा अपवाद माहीत नसतो, त्यामुळे तो उच्चार आणि देहबोली सुधारतो. काँक्रीटच्या शिक्षकाला वाटते, हे आपले काम नव्हे. काम त्याचेच आहे, कारण दुवा विषयाच्या पोटात असतो. त्याने सत्रात चार वेळा ९० मिनिटे द्यावीत. पंधरा-वीस विद्यार्थ्यांचा गट असावा. ६० असतील तर तीन गट करावेत, नाहीतर बोलणारे सहाच राहतात. एका पानाचे प्रकरण द्यावे, त्यात एक-दोन गोष्टी मुद्दाम गाळलेल्या असाव्यात. पहिली १० मिनिटे प्रत्येकाने एकट्याने दावा एका वाक्यात लिहावा. पुढची २० मिनिटे जोडीदाराने त्या वाक्यामागचा न बोललेला दुवा शोधून काढावा. स्वतःचा दुवा स्वतःला दिसत नाही, म्हणून जोडी हवीच. मग २५ मिनिटे पूर्वपक्ष. विरुद्ध मत सव्वाशे शब्दांत असे लिहायचे, की ते मत असलेल्याने वाचून “हो, मला हेच म्हणायचे होते” असे म्हणावे. त्याने नाही म्हटले तर पुन्हा लिहायचे. मीमांसादर्शनाच्या पंडितांच्या अधिकरणात, म्हणजे एका प्रश्नाच्या क्रमवार चर्चेत, पूर्वपक्षाला सिद्धांताआधी हक्काची जागा असते, ती याच कारणाने. नंतरची १५ मिनिटे अपवाद आणि खात्रीचे प्रमाण लिहिण्याला: ‘नक्की’, ‘बहुधा’ की ‘अमुक चाचणी होईपर्यंत’. शेवटची २० मिनिटे तोच निर्णय दोन वेगळ्या वाचकांसाठी लिहायचा, एक तज्ज्ञ सहकारी आणि एक ज्याच्यावर परिणाम होणार तो सामान्य माणूस. वाचक बदलला की कोणता दुवा उलगडून सांगावा लागतो हे इथे हाताला कळते.

यात बिघडते काय, तेही सांगतो. सर्वांत लवकर होते ते फॉर्म भरणे. सहा रकाने छापून दिले की विद्यार्थी सहाही भरतो, आणि अपवादाच्या रकान्यात ‘नैसर्गिक आपत्ती’ लिहून मोकळा होतो. उपाय असा, की अपवाद खरा ठरला तर निर्णय कसा बदलेल, हेही त्याच वाक्यात मागावे. बदलत नसेल तर तो अपवादच नव्हे. दुसरा बिघाड वादविवाद स्पर्धांचा. चिठ्ठी टाकून बाजू देण्यात फायदा आहे, मुद्दे शोधण्याचा हात बसतो. पण बक्षीस फक्त जिंकणाऱ्याला दिले की वर्षानुवर्षे जल्पाचा सराव होतो. स्पर्धेला एक तिसरी फेरी जोडावी: प्रत्येकाने आपले मत कोणत्या पुराव्याने बदलेल ते लिहायचे, आणि निम्मे गुण तिला. तिसरा बिघाड घाईचा. ग्रीक-रोमन शाळांत लेखनाचे १४ पूर्वसराव क्रमाने करून घेत, बोधकथेपासून सुरुवात करून कायद्याच्या प्रस्तावाची बाजू मांडण्यापर्यंत. खंडन आणि मंडन मधल्या टप्प्यावर येई. आपण पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याला प्रकल्पाचे सादरीकरण द्यायला उभे करतो, मग तो रंगीत स्लाइडच्या आडोशाला जातो. पहिले सत्र फक्त दुवा ओळखण्याला द्यावे, इतरांच्या लिखाणातला. लिहायला नंतर लावावे.

गुणांबद्दल माझी ठाम सूचना अशी. २० गुणांच्या उत्तरात दाव्याला ३, पुराव्याला ४, दुवा व त्याच्या आधाराला ५, अपवादांना ५ आणि खात्रीच्या प्रमाणाला ३. भाषेला वेगळे गुण ठेवू नयेत. अस्पष्ट वाक्यात दुवा दिसणार नाही, तेव्हा ते गुण तिथेच जातात. आणि बोलीभाषेत वाढलेल्या, पण नेमका विचार करणाऱ्या विद्यार्थ्यावर अन्याय होत नाही. उत्तर बरोबर असूनही अपवाद अजिबात नसेल तर १५च्या वर गुण जाणार नाहीत. उलट निष्कर्ष चुकला, पण दुवा स्पष्ट लिहिल्यामुळे चूक कुठे झाली ते परीक्षकाला बोट ठेवून दाखवता आले, तर ८ ते १० गुण मिळावेत. सुरुवातीला परीक्षकांत तफावत पडेल. दोन परीक्षकांनी पहिल्या दहा उत्तरपत्रिका एकमेकांना न दाखवता तपासाव्यात, तीनपेक्षा जास्त गुणांचा फरक पडलेल्या उत्तरांवर बसून बोलावे आणि मग उरलेला गठ्ठा उघडावा.

अभ्यास मंडळांनी यासाठी नवा अभ्यासक्रम आणण्याचीही गरज नाही. प्रत्येक मुख्य विषयाच्या प्रश्नपत्रिकेत आज जो एक ‘टीप लिहा’ असतो, त्याच्या जागी एका पानाचे प्रकरण आणि असा एक प्रश्न येत्या सत्रापासून घालता येईल. वर्गात काय शिकवायचे ते प्रश्नपत्रिका पाहून ठरते, हे सर्वच शिक्षक जाणतात.

आपला,
व्यावसायिक अभ्यासक्रमांत युक्तिवाद व लेखन शिकवणारा एक शिक्षक